चढावरची किणकिण

सुरतेच्या उधन्यात कोणाची जुनी पेट्रोल जीप कुरकुरायला लागली, की तो माणूस चार ठिकाणी विचारत बसायचा नाही. सरळ आनंदा बोरशांच्या गॅरेजवर यायचा. पाटीवर ‘बोरसे’ लिहिलेलं होतं, पण उभ्या गल्लीत त्यांना त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. लहानथोर सगळ्यांचे ते नाना. नव्या गाड्यांच्या वाटेला नाना जात नसत. ‘तिचं काय ते कॉम्प्युटर बघंल,’ म्हणून हात झटकत. रविवार आला की सुरतेतले काही हौशी लोक जुन्या फोर-व्हील जीपा घेऊन डांगच्या जंगलात, नदीच्या पात्रात, दगडाधोंड्यांतून चढायला जातात. स्वतःच्या पाठीचे मणके खिळखिळे करून घ्यायची ही हौस नानांना कधी कळली नाही. पण त्या जीपा मात्र त्यांच्या जीव की प्राण.

नानांची तपासणी बघण्यासारखी असे. इंजिन चालू ठेवायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्या वायरीसरशी ठोका मंदावतो, त्या सिलिंडरमध्ये रोग. ‘दोन नंबरची बेअरिंग गेली,’ म्हणाले की गेलेलीच असायची. गिऱ्हाईक इंजिन उघडायला लावून खात्री करून घ्यायचं आणि मग महिनाभर चहाच्या टपरीवर तेच सांगत सुटायचं. अशा नावलौकिकाचं एक वाईट असतं. तो एकदा मानेवर बसला की माणसाला चूक करायची मोकळीक राहत नाही.

नाना मूळचे शिरपूरकडचे. अठराव्या वर्षी सुरतेला आले ते यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात. अकरा वर्षं त्यांनी चौदा-चौदा संचे, म्हणजे माग, सांभाळले, बारा-बारा तासांची पाळी केली. खात्यात संचे सुरू झाले की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी समजत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांवर आडवी ठेवली की धागा तुटला, दोन्ही पंजे पालथे करून खाली दाबले की संचा बंद कर. त्यांची बायको रुक्मिणी त्याच खात्यात बॉबिन भरायची. त्यांचं लग्न जुळलं तेही असंच, एकही शब्द मोठ्याने न बोलता. पुढे नानांनी खातं सोडलं, कतारगामच्या एका मिस्त्रीकडे हात काळे केले आणि उधन्यात स्वतःचं शटर उघडलं. पण घरातली भाषा खात्याचीच राहिली. सगळे ओरडून बोलायचे, बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, आणि अर्धं बोलणं हातांनीच उरकायचे. नानांना हळूहळू ऐकू येईनासं होतंय, हे त्या घरात कळायला मार्गच नव्हता.

तशी लक्षणं दिसत होती. कुकरची शिट्टी झाली तरी नाना गॅस बंद करायला उठत नसत. मोबाईल खिशात वाजत राहायचा. मुलगी योगिता सासरहून फोन करायची, तेव्हा तिचं बोलणं त्यांना गढूळ पाण्यातून यावं तसं यायचं, आणि नाना ‘रेंज नाही’ म्हणून फोन रुक्मिणीकडे द्यायचे. ठोके, खडखड, घुमणं, हे जाड आवाज मात्र त्यांना अजून लख्ख ऐकू येत. म्हणून त्यांनाही वाटायचं, कान शाबूत आहेत. माणसाला जे ऐकू येत नाही ते येत नाही हे त्याने ओळखायचं तरी कसं?

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमक्या वेळी पडावी लागते. ती लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उलटा आदळतो. चढावर, गिअर जड असताना, इंजिन तापलेलं असताना हे होतं आणि तेव्हा आतून बारीक किणकिण येते. आवाज नाजूक असतो, पण घाव नाजूक नसतो. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं, रिंगा तुटतात, पुढे बेअरिंगांचा भुगा होतो. ठिणगीची वेळ जुळवायला आता दिव्याचं यंत्र मिळतं. पण कतारगामच्या मिस्त्रीने नानांना कानाची रीत शिकवली होती. डिस्ट्रिब्युटर सैल करायचा, इंजिनला पेट्रोलचे झटके देत देत तो पुढे फिरवायचा, किणकिण सुरू झाली की थांबायचं आणि केसभर मागे घ्यायचा. जीप अशी पळते की चालवणारा खूश होतो. पस्तीसेक वर्षं ही रीत नानांना कधी दगा देऊन गेली नाही. दिवाळीनंतर ती दगा द्यायला लागली, आणि नानांना त्याचा पत्ताच नव्हता.

पहिली जीप परत आली ती खाणीवरच्या एका मुकादमाची. तीन नंबरच्या पिस्टनला हरभरा जाईल एवढं भोक होतं. नानांनी ते बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, ‘आताचं पेट्रोलच तसलं.’ मुकादमाने मान डोलावली. महिन्याभराने सुकलालची आली. सुकलाल त्यांच्याच गावचा, पर्वत पाटियाला राहणारा, जीप भाड्याने देणारा आणि रोज येऊन गॅरेजच्या बाकावर ठाण मांडणारा. त्याच्याही पिस्टनचं तेच. या खेपेला नाना सुकलालवर गावच्या बोलीत तापले, ‘तुले गाडी चालाडता येस नही.’  नानांच्या हातून सुटलेल्या गाडीत दोष असू शकतो, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही.

पण त्या दिवशी दोन्ही फुटके पिस्टन नानांनी भंगारात टाकले नाहीत. फडक्यात गुंडाळून कपाटामागे सारले. कशासाठी, ते स्वतःलाही त्यांनी विचारलं नाही. 

प्रशांत सर उधन्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. मोठ्या हौसेने त्यांनी एक जुनी जीप घेतली होती आणि दिवाळीनंतर इंजिन नानांकडून पुरतं नवं करून घेतलं होतं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ते जीप घेऊन आले. शेजारी त्यांची बायको कविता होती, मागे चार वर्षांची श्वेता.

“नाना, उड्डाणपुलावर चढताना किणकिण येते,” सर म्हणाले. “रविवारी आमचा गट वघईच्या पुढे जंगलात जातोय. दोघीही येणार आहेत. एकदा बघून घ्या. हवं तर कुठून तरी ते दिव्याचं यंत्र आणू.”

दिव्याचं नाव काढलेलं नानांना झोंबलं. “चला, चढ दाखवा,” म्हणत ते पुढच्या सीटवर बसले. कविता मागे श्वेताजवळ गेली.

पुलाच्या चढावर सरांनी मुद्दाम गिअर वरचा ठेवला आणि पेट्रोल दाबलं. नानांनी डोळे मिटले. त्यांना इंजिनाची घुमघुम ऐकू आली, टायरचा आवाज ऐकू आला, बस. सगळं कसं छान चाललं होतं.

“आई, बांगड्या वाजतायत,” मागून श्वेता म्हणाली.

हे बोलणंही नानांना ऐकू गेलं नव्हतं. पण नेमके तेव्हाच त्यांनी डोळे उघडले होते, आणि आरशात त्यांना तिचे हलणारे ओठ दिसले. खात्यात शिकलेली विद्या होती ती, चुकणार कशी? कविताने मान हलवली. सरांनी नानांकडे बघितलं. ‘हाच,’ असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गाडीत चार माणसं होती आणि तिघांना आवाज येत होता.

 ‘मला नाही आला,’ एवढंच नानांनी म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते तीन शब्द म्हटले की पाटी उतरवायची, हेही त्यांना त्याच क्षणी दिसलं. ज्या कानावर अख्खं दुकान उभं होतं, तो कान नाही म्हटल्यावर उरलं काय? 

“पत्रा आहे, सर,” ते म्हणाले. “सायलेन्सरवरचा. ढिला झाला की असाच वाजतो. आवळून देतो.”

त्यांनी पत्रा आवळून दिला. सर आभार मानून गेले. नानांच्या शब्दावर त्यांनी बायको आणि पोर जीपमध्ये बसवली होती, आणि नानांनी जाणूनबुजून खोटं बोलून त्यांना वाटेला लावलं होतं. नानांच्या बाजूने बोलायचं म्हटलं तरी या गोष्टीला दुसरं नाव देता येत नाही.

शनिवार कसा गेला ते नानांना सांगता आलं नसतं. रुक्मिणीने दोनदा विचारलं, जेवत का नाही. त्यांनी पोटाचं कारण सांगितलं. सरांना फोन करावा असं मनात यायचं आणि नाना पाना उचलून कामाला लागायचे. कदाचित खरंच पत्रा असेल. पोराटोरांना काय, काहीही वाजलं तरी बांगड्याच वाटतात. अशी मनाची समजूत घालत त्यांनी दिवस काढला.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला रुक्मिणी भाकरीचा डबा घेऊन गॅरेजवर आली. सुकलालच्या जीपला नवा पिस्टन बसला होता आणि नाना तिचं टायमिंग जुळवत होते. बाकावर सुकलाल होता, शेजारी ब्रेक दाखवायला आलेली दोन माणसं. नानांनी डिस्ट्रिब्युटर सैल केला, इंजिनला झटका दिला, थोडं पुढे फिरवलं. झटका. आणखी पुढे. झटका. आणखी पुढे.

समोर उभ्या रुक्मिणीने कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन बोटं एकमेकांवर आडवी ठेवली. धागा तुटला.

“काय व्हयनं?” नानांनी विचारलं.

“वाजी राहिनं ना.”

“काय वाजी राहिनं?”

“बारीक. बांगड्या फुटतस तसं. मघापासून वाजी राहिनं.” तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “तुमले येस नही का?”

 नानांनी डिस्ट्रिब्युटर पार मागे घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांची नजर रुक्मिणीच्या हातांवर होती. थोडं पुढे, झटका. थोडं पुढे, झटका. एका जागी तिची बोटं आडवी झाली. नानांनी तिथे खडूची खूण केली आणि पुढे फिरवत गेले. तिची बोटं आडवीच राहिली. खूण बोटभर मागे पडली तेव्हा कुठे नानांची नेहमीची, सवयीची जागा आली. तिथे पोचल्यावरच त्यांना पहिली जाड खडखड ऐकू आली. इतके महिने ते या खडखडीलाच किणकिण समजून थांबत होते, आणि खरी किणकिण कधीच सुरू होऊन गेलेली असायची.

“माले बी आयकू येस, नाना,” सुकलाल बाकावरून चाचरत म्हणाला. “मागला टाइमले बी येत व्हतं. तुम्ही मुद्दाम ठेवतस आसं माले वाटनं. तुमले कोन सांगी?”

नानांनी इंजिन बंद केलं. कपाटामागून फडकं काढलं, दोन्ही पिस्टन बाकावर मांडले आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग एकदम भानावर येऊन त्यांनी फोन शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्याच खिशात होता.

दोनदा फोन लागला नाही. जंगलात रेंज कुठली असणार? तिसऱ्यांदा लागला. पलीकडून काहीतरी घरघरलं. नाना ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले, पण त्यांना एक अक्षर समजेना. त्यांनी फोन रुक्मिणीच्या हातात दिला. ती ऐकायला लागली आणि ऐकलेलं ओठांनी, आवाज न करता, नवऱ्याला सांगायला लागली. खात्यात बोलत तसं.

सर म्हणत होते की ते चढाच्या पायथ्याशी उभे आहेत. गटातल्या बाकी जीपा वर गेल्या. किणकिण सकाळपासून होतीच, पण आता आणखी काहीतरी आहे. खालून ठोका येतोय. इंजिन रेस केलं की जोरात येतो.

ठोका खालून येतोय म्हणजे काय, हे नानांना सांगायची गरज नव्हती. पिस्टनने इतके दिवस खाल्लेला मार त्याला खालून जोडलेल्या दांड्याच्या बेअरिंगपर्यंत पोचला होता. आता खड्या चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की तो दांडा तुटणार, ब्लॉक फोडून बाहेर येणार, उकळतं तेल लालबुंद सायलेन्सरवर सांडणार. इंजिन जाम झाल्यावर जीप मागे येणार ती वेगळीच. आणि मागच्या सीटवर श्वेता.

“त्यांना म्हणावं इंजिन बंद करा. आत्ताच्या आत्ता,” नाना म्हणाले.

रुक्मिणीने सांगितलं. मग ऐकलं. मग तिचे ओठ हलले: ‘सर म्हणतस, नानांनीच सांगितलं ना पत्रा आहे. चढ एवढासाच आहे. वर सगळे थांबलेत, वर जाऊन बघतो.’

माणसाचा विश्वास असा आडवा येईल, हे नानांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी रुक्मिणीकडून फोन घेतला. पलीकडचं काही कळणार नव्हतं, पण बोलता तर येणार होतं. बाकावर सुकलाल होता, ती दोन गिऱ्हाइकं होती, चहा द्यायला आलेली शांताबाई शटरपाशी थांबली होती. नाना त्या सगळ्यांसमोर नेहमीच्या ओरडत्या आवाजात बोलले.

“सर, मला ऐकू येत नाही. परवा पुलावर तुम्हाला आवाज आला, तुमच्या पोरीला आला, मला नाही आला. पत्रा मी खोटं सांगितलं. मी बहिरा झालोय, सर. तुमचं टायमिंग मी चुकीचं लावलंय. चढावर नेलीत तर इंजिन फुटेल, आग लागेल. किल्ली काढा, चाकामागे धोंडे लावा आणि पोरीला उतरवून लांब न्या. ऐकताय का? मला तुमचं उत्तर कळणार नाही, सर. तुम्ही फक्त करा.”

त्यांनी फोन रुक्मिणीला दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती ऐकत होती. तिचे ओठ हलत नव्हते.  मग तिने दोन्ही पंजे पालथे केले आणि खाली दाबले. संचा बंद.

गॅरेजमध्ये कोणी काही बोललं असेल तर ते नानांना कळलं नाही. ब्रेकवाली दोन माणसं मात्र थोड्या वेळाने आपली जीप घेऊन निघून गेली.

मंगळवारी प्रशांत सरांची जीप दुसऱ्या गाडीला बांधून आणली. सर शाळा सुटल्यावर आले तेव्हा नानांनी इंजिन त्यांच्यासमोर उघडलं. तीन नंबरच्या पिस्टनचं डोकं किडलेलं होतं, रिंगेची कड तुटलेली होती. दांड्याच्या बेअरिंगचा पत्रा कागदासारखा पातळ होऊन लोळागोळा झाला होता आणि दांड्याचा एक बोल्ट ताणला जाऊन निम्म्या जाडीवर आला होता. तेलात चमचमणारी कणी होती. सरांनी तो बोल्ट हातात घेतला.

“वर गेलो असतो तर?” त्यांनी विचारलं. रुक्मिणीने ते ओठांनी नानांना सांगितलं.

“वर पोचला नसतात,” नाना म्हणाले.

 सर रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर नानांना बरं वाटलं असतं. सरांनी बोल्ट बाकावर ठेवला आणि ते निघून गेले.

ते गेल्यावर रुक्मिणी नवऱ्याच्या शेजारी बसली. आता घाबरायचं कारण संपलं, असं तिला वाटलं असावं. पण नानांचा चेहरा रविवारपेक्षाही उतरला होता. तिने कारण विचारलं आणि उत्तर मिळायच्या आधीच तिचं तिला उमगलं.

“दिवाईपासून आश्या कितल्या गाड्या सोड्यात?” तिने विचारलं.

वीस असतील, पंचवीस असतील. नानांनी कधी कोणाचं नाव लिहून ठेवलं नव्हतं, नंबर तर नाहीच. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून ते मालकाचं नाव सांगत, मग वहीची गरज काय होती? आता त्यांनी एकेक आठवायला सुरुवात केली. बारडोलीकडचा एक होता, त्याची जीप हिरवी. व्याऱ्याचा एक होता, म्हाताऱ्या आईला घेऊन सप्तशृंगीच्या घाटात जाणार म्हणत होता. एक नवरा-बायको होते, बाईच चालवत होती. चेहरे येत होते आणि त्यापुढे काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळी शटर उघडून उधन्याच्या मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहायला लागले. जुनी जीप दिसली की दोन्ही हात वर करून ते आडवे जातात. मागून हॉर्न वाजतात ते त्यांना ऐकू येत नाहीत, म्हणून रुक्मिणी त्यांचा शर्ट धरून उभी असते. सुकलाल पर्वत पाटियाच्या चौकात तेच करतो. सरांनी आपल्या गटातल्या सगळ्यांना फोनवर कळवलं. महिन्याभरात अकरा गाड्या सापडल्या. अकराच्या अकरा गाड्यांचं टायमिंग तितकंच पुढे निघालं, ते सरांनी आणलेल्या दिव्यावर नानांनी मागे घेतलं.

बाकीच्या अजून रस्त्यावर आहेत.